आपली पालिका कोणाच्या हाती?



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरने पालिकेच्या राजकारणावर बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना रुचले नसेल. संयोजकांनी मला आधी आरोग्याचा विषय सुचवला होता. पण दवाखान्यात इतकी वर्षे बसून मी जे ऐकले, त्यात दम्याच्या खालोखाल पालिकाच आहे. औषधाची पुडी हातात पडली की रोगी उठत नाही. आमच्या गटाराचे काय, वरच्या वाड्याच्या दिव्याचे काय, असे विचारत बसतो. आमची जैनांची घरे या भागात बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही कोणाची मतपेढी नव्हे. त्यामुळे सगळ्याच बाजूंचे उमेदवार माझ्याकडे मोकळेपणाने येतात आणि एकमेकांविषयीही मोकळेपणाने बोलतात.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये शेफिल्ड शहरात असतो. सुऱ्या-कात्र्यांच्या पोलादासाठी नावाजलेले हे शहर. पारपत्र भारताचे असले तरी राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून त्याला तिथे मत देता येते. तिथल्या पालिकेत 84 नगरसेवक, 28 प्रभाग, प्रत्येक प्रभागात तिघे. सगळे एकदम निवडून येत नाहीत. तीन वर्षे दरवर्षी एक तृतीयांश जागांचे मतदान होते आणि चौथे वर्ष मोकळे जाते. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली पक्षाचे नाव असते. मे 2021 मध्ये मजूर पक्षाचे तिथले बहुमत गेले. त्याच दिवशी कारभार कसा चालावा यावर सार्वमतही झाले आणि लोकांनी समित्यांच्या पद्धतीला कौल दिला. पुढच्या वर्षापासून समित्यांची अध्यक्षपदे तीन पक्षांत वाटली गेली. मी भाच्याला फोनवर विचारले, "मग आता सत्ता कोणाची?" तो म्हणाला, "एकट्या कोणाचीच नाही, आणि तसे ते जाहीर सांगतात."

हे 'जाहीर सांगतात' माझ्या डोक्यात राहिले. तिकडे सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. तिथेही नगरसेवक पक्ष सोडतात आणि त्यांचे पद जात नाही. पण सत्ता बदलली की ती बहुधा मतमोजणीच्या रात्री बदलते, आणि मतदाराला आपल्या मताने काय झाले ते कळते.

आता आपल्याकडे या. पेडणे पालिकेत 10 प्रभाग, डिचोलीत 14. गोव्यात पालिकेच्या निवडणुकीला पक्षाचे चिन्ह नसते, ग्रामपंचायतीलाही नसते. 2015 पासून जिल्हा पंचायतीला ते आले. कायद्यापुढे पालिकेचा प्रत्येक उमेदवार सुटा माणूस. पण तुम्ही मला सांगा, मतदानाच्या आदल्या आठवड्यात कोण कोणाच्या 'पॅनल'चा हे तुमच्या वाड्यावर कोणाला ठाऊक नसते? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही अमक्याचे पॅनल जिंकले असेच छापून येते. कागदावर मात्र पक्ष नाही.

आणि खरी निवडणूक त्यानंतर सुरू होते. नगराध्यक्ष आपण निवडत नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात. दहाच्या पालिकेत सहा हात वर गेले की झाले. म्हणजे पाच-पाच अशी फळी असेल तर एका माणसाने मन बदलले की सत्ता बदलते. एका प्रभागात मतदार असतात काही शे. तेव्हा शेदोनशे मतांवर निवडून आलेला एक गृहस्थ सगळ्या शहराचा कारभार इकडून तिकडे फिरवू शकतो. अमुक महिने तू, मग मी, असे ठरलेले असते आणि मुदत संपल्यावर पहिला उठत नाही. मग अविश्वास ठराव येतो. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, संसद आणि विधानसभेपुरती. शिवाय चिन्हच नाही तिथे पक्षांतर तरी कशाला म्हणायचे?

तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीला गेलात तर चित्र वेगळे. तिथे पालिका पक्षांच्या चिन्हांवर लढवली जाते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी पक्षांतरबंदीचा वेगळा कायदा 1986 चा आहे. 2016 मध्ये तिथे नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडले गेले. मग सरकार बदलले आणि ती पद्धत गेली. पुन्हा सरकार बदलले, ती परत आली. तिकडचे सोयरे या धरसोडीला हसतात. पण निदान कोणाला निवडले हे त्यांना माहीत असते.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. कोणती पालिका, कोणते साल, ते सांगत नाही. माझ्या प्रभागात एक तरुण उभा राहिला. त्याच्या वडिलांपासून आमचा घरोबा. माझ्यासमोर खुर्चीत बसून तो म्हणाला, "डॉक्टर, मी कोणाच्या पॅनलमध्ये नाही." मी विश्वास ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा रोग्यांना मताविषयी सांगितले, याला द्या, हा कोणाचा नाही. तो निवडून आला. काही महिन्यांनी एका संध्याकाळी काही नगरसेवक गाडीत बसून कुठेतरी गेले आणि परतले ते थेट अविश्वासाच्या बैठकीला. हात वर करणाऱ्यांत तो होता. वाईट माणूस नव्हता तो. प्रभागातला रस्ता करून घ्यायचा तर सत्तेच्या बाजूला असावे लागते, असे त्याने मला नंतर सांगितले, आणि रस्ता झालाही. पण संधिवाताच्या एक आजी माझ्याकडे नेमाने येत. त्या म्हणाल्या, "दोतोर, तुम्ही सांगितलंत म्हणून मत दिलं. आता ते कुठे गेलं?" औषधाविषयी असे कोणी विचारले असते तर मी उत्तर दिले असते. त्या दिवशी मी खाली बघून पुडी बांधली.

हे आता अधिक सलते, कारण पालिकेच्या हातात पूर्वी नव्हते एवढे आले आहे. आधी भांडण असायचे ते बाजाराच्या सोपोचे, घरपट्टीचे, फार तर कचऱ्याच्या जागेचे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात जमिनीकडे बघण्याची नजर बदलली. डिचोली तालुक्यात 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि कित्येकांनी पैसा घरे-गाळे बांधण्याकडे वळवला. बांधकामाचा परवाना पालिका देते. ती कोणाच्या हाती, हा प्रश्न आता मानापानाचा उरलेला नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा संभ्रम नव्हता. मुक्तीनंतर 1962 च्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतींचे मतदान झाले आणि 9 डिसेंबर 1963 रोजी विधानसभेचे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षाला मत देणारी आपली घरे ते उघडपणे सांगत. 1967 च्या जनमत कौलात फूल की दोन पाने, हेही अंगणात उभे राहून सांगत. हरले तेव्हाही आपण का हरलो हे त्यांना माहीत होते. पुढे पक्ष विरघळले. 2019 च्या मार्चमध्ये मगोच्या तिघांपैकी दोन आमदार मध्यरात्रीनंतर भाजपमध्ये विलीन झाले. त्यांत पेडण्याचे मनोहर आजगावकर होते. पेडणेकर झोपले तेव्हा त्यांचा आमदार एका पक्षाचा होता, उठले तेव्हा दुसऱ्या. वरच्या घरात असे झाल्यावर पालिकेतल्या पोराला मी काय बोलू?

2021 मध्ये न्यायालयाने थोडे जागे केले. राज्याच्या कायदा सचिवांकडेच निवडणूक आयुक्ताचा कार्यभार दिलेला होता. सरकारी सेवेतला माणूस त्या जागेवर नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 12 मार्चला ठणकावले. प्रभागांच्या आरक्षणावरून पाच पालिकांचे मतदान पुढे गेले. पेडणे, डिचोलीचे 20 मार्चलाच उरकले. पण मत दिल्यानंतर काय, यावर न्यायालयापुढे कोणी गेले नव्हते.

पूर्वी मी पालिकेत पक्ष नकोत म्हणणाऱ्यांतला. आता माझे मत फिरले आहे. चिन्ह असेल तर उघड असावे, नसेल तर उमेदवाराने अर्ज भरतानाच लिहून द्यावे की नगराध्यक्षपदासाठी मी अमक्याच्या बाजूने उभा राहीन. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुम्ही-आम्ही एवढे करू शकतो की उमेदवार दारात आला की त्याला चहा द्यावा आणि विचारावे, हात कोणासाठी वर करणार? ऐकणारे दोघे-चौघे शेजारी बसलेले असावेत.

मी विचारायला सुरुवात केली आहे. परवा एक इच्छुक आले होते. प्रश्न ऐकून म्हणाले, "डॉक्टर, ते निकालानंतर बघू." आजी बाकावर नंबर लावून बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकले.