दोन जिवांची तहान



मी डॉक्टर नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी लिहिताना जे वाचावे लागले, तेवढेच माझे शिक्षण. तरी आज शरीरशास्त्रावर बोलतो आहे, त्याला माझी एक जुनी चूक कारण आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका जिनिंग कारखान्यात एका बाईचा अर्धा रोज कापला गेला. ती सारखी माठाकडे जाते, उभ्या उभ्या धापा टाकते, ही मुकादमाची तक्रार. तिला दिवस गेले होते. दुसराच महिना, पोट दिसत नव्हते. मी भांडायला गेलो खरा, पण मनातून मलाही ती कामचुकार वाटली. जोर लावला नाही. तिचा अर्धा रोज बुडाला तो बुडालाच.

पुढे वाचले तेव्हा कळले. गर्भ राहिला की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात वाढते आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्वासकेंद्राला चालना देते. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, पण प्रत्येक श्वास खोल होतो. मिनिटाला आत घेतली जाणारी हवा पुढे ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून बाळाकडचा तो तिच्याकडे सहज येतो. दम लागल्यासारखे वाटते ते पुष्कळदा यामुळे.

तहानेचे तर नवलच! एरवी रक्त घट्ट झाले की मेंदू पाणी मागतो. गर्भारपणी रक्त नेहमीपेक्षा पातळ असतानाच मागू लागतो. उंदरांवरील प्रयोगांत यामागे रिलॅक्सिन हे संप्रेरक आढळले आहे. रक्तातला पातळ भाग पुढे जवळजवळ निम्म्याने वाढायचा असतो, त्याची ही तरतूद. आणि तहानेचा हा बदल पहिल्या दहा आठवड्यांतच होऊन जातो.

आता कायदा पाहा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूति-लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने, बाईने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे ठरविले. पण ते बाळंतपणाआधीच्या सुमारे दहा आठवड्यांपुरते. म्हणजे पोट दिसल्यावर कायद्याला बाई दिसते!

दुसऱ्या महिन्यात तर आपल्याकडे बाई शेजारणीलाही सांगत नाही, मुकादमाला काय सांगणार? म्हणून आम्ही मागतो ते सरसकट सगळ्या बायांसाठी: माठ हाताशी हवा, पाण्याला वा लघवीला उठल्याबद्दल रोज कापायचा नाही, आणि कारण विचारायचे नाही.