मैदानापासून दूर राहणाऱ्या मुलाचा शिक्षक



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. मराठी बोलणारे व्यायाम शिक्षक बेंगळुरूत एकत्र जमले की शहाजीराजांच्या इथल्या जहागिरीची आठवण निघते. ती निघायलाच हवी. पण आपल्या विषयापुरते बोलायचे तर या प्रदेशाशी असलेले आपले एक नाते त्याहून अलीकडचे आहे, आणि आज मला जे म्हणायचे आहे त्याची सुरुवात तिथेच होते.

कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावी 1918 साली एक मुलगा जन्मला. त्याचे बालपण बेंगळुरूत गेले. मलेरिया, विषमज्वर, क्षय या आजारांनी त्याचे शरीर इतके खंगले होते की त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे टी. कृष्णम्माचार्यांकडे, तो योगासने शिकला. पुढे डॉ. गोखले नावाच्या सिव्हिल सर्जनने पुण्यात शब्द टाकला आणि 1937 साली डेक्कन जिमखान्याने त्याला शाळा-कॉलेजातल्या मुलांना योगासने शिकवायला बोलावून घेतले. त्याला मराठी येत नव्हते. समोरची पोरे आखाड्यात, जिमखान्यात वाढलेली, त्याच्यापेक्षा कितीतरी धडधाकट. हा मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार पुण्याचेच झाले.

त्यांच्या योगाविषयी मी आज बोलणार नाही. मला त्यांच्यातला शिक्षक महत्त्वाचा वाटतो. लाकडी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या ही साधने त्यांनी आसनांसाठी का वापरली? ज्याचा हात जमिनीपर्यंत पोचत नाही, ज्याचा गुडघा वळत नाही, ज्याची पाठ सरळ राहत नाही, त्यालाही तो अनुभव मिळावा म्हणून. न जमणाऱ्या शरीराला काय लागते हे त्यांना आतून माहीत होते, कारण एके काळी त्यांचे स्वतःचे शरीर तसेच होते.

आता आपल्या महाविद्यालयांकडे पाहू. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, म्हणजे बी.पी.एड.ला, कोण येते? महाराष्ट्रात प्रवेश परीक्षेला लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणी असते. इतरत्रही धावणे, उडी, फेक आणि खेळाची प्रमाणपत्रे पाहिली जातात. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की आपल्याकडे येणारा प्रत्येक जण लहानपणापासून शरीराने तरबेज असतो. गल्लीत संघ पाडताना त्याचे नाव पहिल्या दोघांत घेतले गेलेले असते. चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेणे म्हणजे काय, सगळ्यांसमोर दोरीवरच्या उडीत अडखळणे म्हणजे काय, हे त्याच्या शरीराला ठाऊकच नसते. आणि उद्या त्याला ज्या पन्नास मुलांसमोर उभे राहायचे आहे, त्यांतल्या निम्म्यांना नेमका हाच अनुभव असतो. ही दरी भरून काढणे हे प्रशिक्षणाचे पहिले काम आहे. आपण ते करत नाही. आधीच चांगल्या असलेल्या खेळाडूला आपण दोन वर्षे आणखी चांगला खेळाडू करतो आणि हातात शिक्षकाची पदवी देतो.

याची मुळे आपल्या इतिहासात आहेत. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली काढली. तिथल्या शिस्तबद्ध कवायती युरोपभर पसरल्या. आपल्याकडे मात्र शाळेतली कवायत बहुतेक ठिकाणी निवृत्त सैनिकांच्या हाती राहिली. ड्रिल मास्तर हा शब्द तेव्हाचा. हा शिक्षक सुशिक्षित असला पाहिजे, त्याला शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र आले पाहिजे, या विचाराने हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रासमध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. दक्षिणेतल्या शिक्षकांच्या किती पिढ्या तिथून घडल्या! विदर्भात वैद्य बंधूंनी त्याआधीच, 1914 साली, अमरावतीला हनुमान आखाड्याचा पाया घातला होता. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून तो नावारूपाला आला, त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि मंडळाच्या उन्हाळी वर्गांतून शिकून गेलेले शिक्षक गावोगाव पोचले.

यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते स्वामी कुवलयानंद. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात ते तयार झाले. सामुदायिक व्यायामाच्या आज्ञा आपल्या भाषांत आणण्याचे काम माणिकरावांनी केले होते. गुरूकडून संघटन घेऊन शिष्य प्रयोगशाळेकडे वळला. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम सुरू झाले आणि आसन करताना शरीरात काय घडते हे क्ष-किरणांनी, रक्तदाब मोजून तपासले जाऊ लागले. अशा माणसाकडे मुंबई सरकारने 1937 साली शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद दिले, आणि दुसऱ्याच वर्षी कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या शिक्षकांनी कांदिवलीचे नाव अभिमानाने सांगितलेले मी ऐकले आहे. आधी मोजा, मग बोला ही कुवलयानंदांची सवय आपण पुढे नेली असती, तर आज आपल्या विषयाची प्रतिष्ठा वेगळी असती.

बेंगळुरूचाही या इतिहासात स्वतंत्र वाटा आहे. के. व्ही. अय्यर यांची हर्क्युलिस व्यायामशाळा याच शहरातली. त्यांनी टपालाने व्यायामाचे धडे दिले, सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले, आणि ‘शांतला’ ही कन्नड कादंबरीही लिहिली. बलोपासना आणि साहित्य एका माणसात नांदू शकतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला मला नेहमी आवडते. पण व्यायामशाळेत येणारा स्वतःहून येतो. शाळेतल्या मुलाला वेळापत्रक मैदानावर पाठवते. शिक्षकाचे काम तिथे वेगळे होते आणि अवघडही.

स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतले आपल्या सावंतवाडीकडचे सेनानी, जनरल जगन्नाथराव भोसले यांनी 1954 साली निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार हरवलेल्या मुलांना त्या काळात तिचा आधार होता, आणि त्यामागची माया मी जाणतो. पुढे सरकारने नेमलेल्या कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर ती योजना दुसऱ्या व्यवस्थेत विलीन झाली. मात्र शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्त हे समीकरण आपल्या शाळांत घट्ट बसले. आजही प्रार्थनेच्या वेळी गोंगाट झाला की मुख्याध्यापक पी.टी.च्या सरांना हाक मारतात. उशिरा आलेल्या मुलाला मैदानाच्या चकरा मारायला लावतात. पळणे ही शिक्षा ठरली, तर त्या मुलाला पळण्याची गोडी लागणार कशी? शारीरिक हालचाल शिक्षा म्हणून कधीही वापरणार नाही, अशी शपथ प्रत्येक महाविद्यालयाने पदवीदानाच्या दिवशी द्यावी.

आता प्रशिक्षणाच्या आतल्या गोष्टींकडे येतो. मैदान आखणी हा आपल्या अभ्यासक्रमातला माझा अत्यंत आवडता भाग आहे. चुन्याची पाटी, दोरी, खुंटी, टेप आणि डोक्यात गणित. दोनशे मीटरचा ट्रॅक काढायचा, सरळ बाजू चाळीस-चाळीस मीटरच्या, म्हणजे दोन वळणांना मिळून 120 मीटर उरले. त्यातून त्रिज्या येते 19.10 मीटर. पण धावणारा रेषेवरून धावत नाही, तिच्यापासून 20 सेंटिमीटर बाहेरून धावतो, म्हणून दोरी 18.90 मीटरची धरायची. हे ज्याला एकदा उमगले त्याची भूमिती आयुष्यभर पक्की होते. गणिताच्या शिक्षकांनी आपल्याकडे येऊन हे पाहावे.

पण 1.22 मीटरच्या चार पट्ट्यांचा हा ट्रॅक बसवायला साधारण 88 मीटर लांब आणि 48 मीटर रुंद जागा लागते. बेंगळुरूतल्या किती शाळांकडे ती आहे? पुण्यात, मुंबईत, बेळगावात? तीन मजली इमारत, खाली फरशीचे अंगण, त्यातल्या कोपऱ्यात शिक्षकांच्या दुचाक्या, ही बहुसंख्य शहरी शाळांची स्थिती आहे. आपला विद्यार्थी महाविद्यालयाच्या हिरव्या मैदानावर शिकतो आणि नोकरी अंगणात करतो. पहिल्या वर्षातच तो हताश होतो. जिन्याच्या पायऱ्या, भिंत, दोरीच्या उड्या, कागदाचे चेंडू, खडूने आखलेले चौकोन, बसफुगडी, लंगडी यांच्या बळावर पन्नास मुलांचा तास कसा घ्यायचा, हे आपण त्याला रीतसर शिकवलेले नसते. ‘अंगणातला तास’ अशी स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा असावी, अशी माझी सूचना आहे.

त्या तासाचा हिशेब करा. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुले, लांब उडीचा एकच खड्डा. एका मुलाची उडी, परत येणे आणि नोंद यांना अर्धे मिनिट धरा. पंचवीस मिनिटे गेली. उरलेली दहा हजेरी आणि रांग लावण्यात. प्रत्येक मूल एकदाच उडी मारते आणि बाकी वेळ उन्हात उभे राहते. पाठ टाचणात हा तास उत्तम दिसतो. परीक्षकही शिट्टी, आज्ञा, उभे राहण्याची ढब पाहून गुण देतात. मुले किती मिनिटे हलली, हे कुणी मोजत नाही.

पाच ते सतरा वयाच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे दमसास लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अकरा ते सतरा वयोगटातली जगातली 81 टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के आहे. भारतात सगळी मिळून सुमारे 74 टक्के. म्हणजे चारपैकी तीन. मित्रहो, आपला खरा विद्यार्थी हा आहे. जिल्हा पातळीवर पदक आणणारा मुलगा प्रशिक्षक शोधून काढतोच. या शहरात राहुल द्रविड घडला, मराठी घरातला मुलगा, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच्याच वयाची जी मुले कधी मैदानात उतरलीच नाहीत, त्यांची जबाबदारी फक्त आपली होती.

मुलींविषयी स्पष्ट बोलतो. सातवी-आठवीत गेलेली मुलगी ‘सर, पोट दुखतंय’ म्हणून पायरीवर बसते, आणि मग दहावीपर्यंत पायरीवरच राहते. पाळीविषयी तिच्याशी, तिच्या आईशी, शाळेतल्या बाईंशी कसे बोलावे, याचा एकही पाठ आपण प्रशिक्षणार्थी मुलांना देत नाही. ते संकोचतात आणि तिला मोकळी सोडून देतात. पाळीत खेळणे निषिद्ध नाही, त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी, आणि शाळेत स्वच्छतागृह व बदलायला जागा असली पाहिजे, हे सांगण्याचे धाडस प्रशिक्षणातच यायला हवे. तसेच छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचे तंत्र. मिनिटाला 100 ते 120 दाब, ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, पण पुतळ्यावर हात चालवून परीक्षा दिल्याशिवाय कुणालाही पदवी मिळता कामा नये.

व्यवस्थेकडेही आपले मागणे आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला. अंशकालीन! भाषेला, गणिताला पूर्ण वेळ आणि शरीराला अर्धा. कर्नाटकातले आपले सहकारी शारीरिक शिक्षकांविषयीचा वैद्यनाथन समितीचा अहवाल लागू करा म्हणून वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. त्यांना इतर विषयशिक्षकांच्या बरोबरीचे स्थान हवे आहे. ही मागणी न्याय्य आहे आणि या व्यासपीठावरून मी तिला पाठिंबा देतो. पण आपला तास गणिताच्या जादा तासाला दिला जातो, तेव्हा आपण काही न बोलता शिट्टी खिशात घालतो, हेही थांबले पाहिजे.

प्राचार्यांना माझी एकच विनंती आहे. बी.पी.एड. आता दोन वर्षांचे, चार सत्रांचे झाले आहे. वाढलेला हा वेळ स्पर्धांच्या तयारीत घालवू नका. त्यातले एक सत्र तरी विद्यार्थ्याला महापालिकेच्या, सरकारी, मैदान नसलेल्या शाळेत पाठवा. बेंगळुरूत पाठवलेत तर त्याला कन्नड शिकू द्या. निपाणी-बेळगावकडची आपली मुले ती शिकतातच, पुण्या-नागपुराकडून आलेल्यांनीही शिकावी. आणि शेवटच्या पाठाच्या वेळी परीक्षकाने वर्गातली सर्वांत मागे राहणारी पाच मुले निवडावीत, त्या तासात ती किती मिनिटे हलली हे घड्याळ लावून मोजावे, आणि पाठाचे निम्मे गुण त्यावर द्यावेत. याबाबतचा ठराव आज दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे. आपण सर्वांनी तो एकमताने संमत करावा आणि येत्या जूनपासून आपापल्या महाविद्यालयात अमलात आणावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.