वाट चुकलेले चुंबकत्व

श्रोतेहो, पाटाचं पाणी कितीही जपलं तरी थोडं बांधाबाहेर झिरपतंच. आपल्या वर्ध्याच्या 765 किलोव्होल्ट उपकेंद्रात असतात तशा अजस्र रोहित्रांतही हेच घडते. बहुतेक चुंबकप्रवाह लोखंडी गाभ्यातून जातो. थोडा निसटून टाकीच्या पत्र्यात, बोल्टांत शिरतो. तिथे विजेचे भोवरे उठतात, लोखंड तापते. भार दुप्पट झाला की हा ताप सुमारे चौपट! वरचे तेल बेताचेच गरम दिसते, पण आत एखादा बोल्ट भाजत असतो. शेजारचे कागदी वेष्टन करपले, की रोहित्र धोक्यात आणि गावे अंधारात. म्हणून टाकीला आतून पातळ पोलादी पट्ट्यांचे थर लावतात. तेलात विरघळलेले वायू तपासून आतला ताप ओळखतात. गुरुजी, मुलांना एवढं सांगाच: जे अडवता येत नाही, त्याला नीट वाट करून द्यावी.