ताप अंगातला आणि कागदावरचा

श्रोतेहो, परभणीत मे महिन्यात संध्याकाळी सातलाही खुर्ची तापलेली असते, तरी आपण आलात. मला विषय दिलाय 'घरचा डॉक्टर आणि नेहमीचे आजार'. सर्दी, जुलाब, बीपी, शुगर, कंबर अशी यादी वाचत बसलो तर तास संपेल. मी फक्त तापावर बोलणार आहे. कारण महिन्याभरात मृग लागेल आणि पुढे दिवाळीपर्यंत जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत दवाखान्यांची बाकं तापाच्या पेशंटनी भरलेली असतील.

पेशंट येतो तो उपचार ठरवूनच. "डॉक्टरसाहेब, अंगात कणकण हाय, एक सलाइन लावा, उद्या फवारणीला जायचंय." त्याचं काय चुकलं? दिवस बुडाला की मजुरी बुडते. पण त्या बाटलीत असतं काय? 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाइनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ज्याला तोंडाने पाणी जातंय, उलटी नाही, त्याला एवढं घरातल्या डब्यांतून मिळतं. तरी डॉक्टर सलाइन लावतो, कारण नाही लावली तर पेशंट पलीकडच्या गल्लीत जातो. हा व्यवहार दोघांच्या संमतीने चाललाय.

पहिल्या दिवशीच्या तापाला बहुतेक वेळा नाव देता येत नाही, आणि ते मोकळेपणाने सांगणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो. मग रक्त तपासलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कागद येतो: टायफाइड निघाला! विडाल ही चाचणी 1896 सालची. ती जंतू दाखवत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं दाखवते. ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि पूर्वी टायफाइड होऊन गेला असेल तर नंतरही रेंगाळतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या विडालवर भरवसा ठेवून अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करणं मला पटत नाही. खात्री करायची तर औषधाचा पहिला डोस जाण्याआधी रक्ताचं कल्चर लावावं. मलेरियाचं तसं नाही; थंडी वाजून ताप आला तर त्याची तपासणी पहिल्याच दिवशी करावी.

डेंग्यूत घरचे फसतात ते ताप उतरल्यावर. धोका बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप ओसरताना असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. पॅरासिटामॉल चालेल. अंगदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

स्क्रब टायफसचं निदान तर पेशंटचा सदरा न काढल्यास हुकू शकतं. गवता-झुडपातल्या बारीक माइटची अळी चावते आणि त्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. ती असते काखेत, जांघेत, नाडीच्या गाठीखाली. सगळ्यांनाच ती दिसते असं नाही, पण कपड्यावरून स्टेथोस्कोप टेकवणाऱ्याला ती असली तरी सापडणार नाही. बायका संकोचतात, त्यांच्याजवळ नर्सला उभं करावं, पण बघावं. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात या तापाने माणसं दगावली. डॉक्सिसायक्लिनची स्वस्त गोळी वेळेवर मिळाली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

नुसत्या बघण्याने काय साधतं याचा दाखला आपल्या मराठवाड्याच्याच एका डॉक्टरने दिलाय. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं मरत होती. ते पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसले. घाम, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विष हृदयावर घाला घालतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यातून पुढे आलं. 1982 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रक्तदाबावरची प्राझोसिन त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि मृत्यू घटले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही सुरुवात झाली त्या केंद्रात कुठलीही मोठी यंत्रं नव्हती.

तापाबाहेरच्या दोन सूचना घाईने. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर बेडका तपासा, सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. आणि फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, लाळ, उलटी सुरू झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा समजा. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि गाडी थेट जिल्हा रुग्णालयाकडे घ्या.

आता तुमच्याकडे माझं मागणं. ताप कोणत्या दिवशी चढला ते लिहून ठेवा. परस्पर घेतलेल्या गोळ्यांची पट्टी खिशात लपवू नका, डॉक्टरपुढे ठेवा. आणि त्याने 'दोन दिवसांनी परत दाखवा' म्हटलं असेल, तर बरं वाटलं तरी जा. फी परत मागितली तर माझं नाव सांगा.