टाळी वाजवू नका

मी बचत गटांची सहयोगिनी. कामानिमित्त करमाळा तालुक्यात उजनीकाठच्या गावांत माझं सारखं जाणं असतं. आज तिथल्या एका पाखराबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल बोलते.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधली बेटं उघडी पडतात. तिथं नदी सुरय अंडी घालतात. काळी टोपी, पिवळीधमक चोच, लांब दुभंगलेली शेपटी. समुद्रावरच्या सुरयांचाच हा भाऊबंद, पण गोड्या पाण्याचा. घरटं म्हणजे वाळूत उकरलेला खळगा. त्यात दोन-तीन अंडी, मातीच्याच रंगाची.

गेल्या एप्रिलमध्ये गटातल्या एका काकूंच्या होडीतून मी बेटाजवळ गेले. मोबाइलवर उडता थवा हवा होता, म्हणून जोरात टाळी वाजवली. सगळी पाखरं ओरडत उठली. फोटो तर हललाच. काकू म्हणाल्या, "ताई, अंडी उन्हात उघडी पडली की. आत जीव हाय."

मला वाटायचं, पाखरू फक्त ऊब द्यायला बसतं. आपल्याकडच्या उन्हात ते सावली द्यायलाही बसतं. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतं आणि अंडी गार ठेवतं. आपण त्याला उठवलं की अंडी तापतात, वर कावळे टपलेले असतातच.

खरं तर उडवायची गरजच नसते. जोडीदारासाठी, पिलांसाठी मासा घेऊन सुरय दिवसभर ये-जा करतात. होडी लांब उभी करा, इंजिन बंद ठेवा. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असू द्या. पाखरू वाऱ्याला तोंड करून उतरतं, म्हणून वाराही पाठीशी असला की त्याचं तोंड आपल्याकडं येतं. कॅमेरा असेल तर वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवा आणि पाखराबरोबर कॅमेरा फिरवत राहा. मग थांबायचं. बस, एवढंच.

काही पाहुणे म्हणतात, "उडवा, जादा पैसे देतो." होडीच्या भाड्यावर हप्ता भरणाऱ्या घराला नाही म्हणणं सोपं नसतं. तरी गटाच्या बैठकीत बायकांनी ठरवलं, पाखरं उडवायची नाहीत आणि अंडी असेपर्यंत बेटावर पाय ठेवायचा नाही. काकू म्हणाल्या, "पाखरू गेलं तर पाहुणा कशाला येतोय?"

तुमच्या तळ्याकाठीही टिटव्या, सुरय असतील. बघा जरूर, पण लांबून.