दिवास्वप्नातील शाळा



घोकंपट्टीविरहित शाळेची गोष्ट काढली की ते स्वप्नरंजन म्हणून बाजूला सारले जाते. गिजुभाई बधेका यांनी तर आपल्या गुजराती पुस्तकाचे नावच ‘दिवास्वप्न’ ठेवले! वकिली सोडून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० साली भावनगरला त्यांचे बालमंदिर सुरू झाले.

पुस्तकातला शिक्षक नवी शाळा काढीत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तो चालू शाळेतीलच चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. आरंभीचा शांततेचा खेळ साफ फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग स्थिरावतो. पुढे प्रत्येकाने तेच पाठ्यपुस्तक घेण्याऐवजी त्याच पैशांत निरनिराळी पुस्तके आणून तो वर्गाचे वाचनालय उभारतो. ग्रंथालयाच्या सभासदांना हा भाग विशेष भावावा. परीक्षा मात्र त्यालाही चुकत नाही.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य मराठी मुलखात आणले. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र निघाले. अनुताई वाघ सोबतीस आल्या. तेथे निराळाच प्रश्न उभा राहिला. पाठांतराचा जाच नसलेल्या बालवाडीतही गरीब वस्तीतील मुले येत ना. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरू लागली.