नवागाम : नव्या गावाची जुनी गोष्ट



शताब्दीच्या मंगल प्रसंगी सुरतेजवळच्या एका लहानशा गावाविषयी बोलावे, असे मी योजिले आहे. तापीच्या दक्षिणेस, उधन्यापुढे, डिंडोलीला खेटून नवागाम आहे. चोर्यासी तालुक्यातले हे खेडे आज महानगरात सामावले आहे. ‘चोर्यासी’ म्हणजे चौऱ्याऐंशी गावांचा समूह. तालुक्याच्या नावातच जुन्या वसुलीव्यवस्थेची खूण उरली आहे.

‘नवागाम’ म्हणजे आपले नवेगाव. एखादे गाव नवे ठरते, ते शेजारी जुने असते म्हणून. पुढे जुन्याची आठवण बुजते आणि नव्याचे नाव मात्र शतकानुशतके नवेच राहते.

या परिसराचे खानदेशाशी नाते रेल्वेहून जुने आहे. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी याच टापूतील सोनगड येथे आपले ठाणे केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरला जोडली. 1 मे 1960 पर्यंत तर सुरत व खानदेश एकाच राज्यात होते. म्हणून यंत्रमागाच्या कामासाठी गाडीत बसलेला शिंदखेड्याचा किंवा पारोळ्याचा माणूस परमुलखात निघाला होता, असे मला म्हणवत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात त्याने बिऱ्हाड केले, आणि श्रावणात तिथे कानबाईही बसू लागली.

परंतु गावाचा आरंभ कोणापासून मोजावा? सरकारी दप्तरात जमीनधारकाचे नाव असते. सुरत जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात हाळी म्हणून राबलेल्या हळपतींचे नाव तिथे क्वचितच आढळावे. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या मागकामगाराचेही तसेच. 1877 साली सुरत-भडोचचे गॅझेटियर निघाले, 1880 मध्ये खानदेशचे. दोन्ही ग्रंथ जिल्ह्यांचे. या दोहोंमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाला स्वतंत्र पान मिळाले नाही.

ते पान लिहिण्याची वेळ हातची निसटते आहे. आजी अहिराणीत बोलते, नातू गुजरातीत शिकतो. आजीबरोबर तिची भाषा गेली, की पहिली खोली कोठे घेतली, पहिले पत्र कोणी वाचून दाखविले, गावच्या विहिरीवर पाणी मिळाले की नाही, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

ग्रंथालय केवळ छापलेल्या पुस्तकांचे घर नव्हे. दुसऱ्या शतकात पदार्पण करताना आपण एक कपाट रिकामे ठेवावे आणि त्यात अशा माणसांच्या हस्तलिखित आठवणी जमवाव्यात. प्रत्येक सभासदाने घरातल्या एका वृद्धाजवळ तासभर बसून चार पाने उतरवून घेतली, तरी नवागामसारख्या गावांचा इतिहास निराधार राहणार नाही.